भरतीला कामं, ओहोटीला भटकंती

समुद्रकाठी चार-पाच दिवस तंबूत राहायचं ठरलं की मी आधी मधला एक दिवस बाजूला काढते. आमच्या दोघांत त्याला ‘धुण्याचा दिवस’ म्हणतात. तिसऱ्या दिवसापर्यंत अंथरुणात वाळू आलेली असते, टॉवेल चिकट झालेले असतात, दाराची चेन अडायला लागते, पाण्याचे कॅन खडखडत असतात आणि दोघांची तोंडंही जरा वाकडीच असतात. त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. कामं उरकायची आणि जे बघायचं ते पायी जाऊन बघायचं.

मी शिवणकाम करते, त्यामुळे तंबू म्हणजे माझ्या लेखी आधी कापड, शिवण आणि चेन. ह्यांचं लक्ष कायम पाण्याकडे. दोघांच्या आवडी एका दिवसात बसवायच्या म्हणून हळूहळू एक पद्धत ठरत गेली: पाणी वर असेल तेव्हा कामं, पाणी उतरलं की भटकंती. घड्याळाकडे बघून आखलेला दिवस समुद्रकाठी हमखास फसतो. तुम्ही हौसेने खडपांवर पोचता आणि तिथे नुसत्या लाटा आपटत असतात.

आदल्या रात्रीचं काम

भरती-ओहोटीच्या वेळा बघून ठेवा. मुक्कामाला सगळ्यांत जवळ असलेल्या बंदराचा तक्ता मोबाइलवर सापडतो, पण रेंज जायच्या आत तो कागदावर उतरवून घ्या. मी तंबूच्या आतल्या कप्प्याला तो कागद टाचणीने लावते. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून प्रत्येक वेळ दुसऱ्या दिवशी सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. कालच्या वेळेवर आज विसंबू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी वरही खूप चढतं आणि मागेही खूप हटतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा दोन्हींतला फरक कमी. खडपांमधलं जग बघायचं असेल तर उधाणाचे दिवस धरा. हे गणित सगळीकडे सारखं मात्र नाही. भूमध्य समुद्राच्या बऱ्याचशा किनाऱ्यावर पाणी जेमतेम वीतभर-हातभर खालीवर होतं, तर कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात हाच फरक १६ मीटरपर्यंत जातो. तुमचा किनारा कसला आहे ते तक्त्यातले आकडे सांगतातच.

समजा ओहोटी दुपारी दोनला आहे. म्हणजे भरती पावणेआठच्या सुमारास होऊन गेली. आठ ते बारा कामं, साडेबाराला निघायचं, दोनला खडपांच्या टोकाला, अडीचच्या आत तोंड मागे फिरवायचं. ओहोटी सकाळी सातलाच असेल तर उलट करा: उठल्या उठल्या खडप आणि साडेनऊनंतर धुणं. चहा मात्र दोन्ही वेळापत्रकांत पहिला.

धुणं

पहिल्या खेपेला मी फार शहाणपणा केला होता. गोडं पाणी वाचवायचं म्हणून सगळे कपडे समुद्राच्या पाण्यात धुतले. साबणाच्या वडीला फेस येईना, नुसता राखाडी चोथा कपड्यांना चिकटत राहिला. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं, त्याचं आणि साबणाचं जमत नाही. तरी घासले, पिळले, दोरीवर टाकले. दुपारी वाळल्यासारखे वाटले आणि संध्याकाळी पुन्हा ओलसर. दुसऱ्या दिवशीही तेच. एका लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पिळलेल्या जाड टॉवेलात अर्धा लिटर पाणी राहिलं, तर वाळल्यावर त्यात तीन चमचे मीठ उरलं म्हणून समजा. ते मीठ हवेतला दमटपणा ओढत राहतं. असा टॉवेल कितीही उन्हात टाका, सूर्य कलला की तो गार पडणारच.

तेव्हापासून आमचा नियम असा की समुद्रात भिजलेलं काहीही शेवटी गोड्या पाण्यातून निघाल्याशिवाय दोरीवर जाणार नाही. त्याला पाणी लागतं, पण वाटतं तितकं नाही. वरून गुंडाळून बंद करायची जलरोधक पिशवी घ्या, तीच धुण्याची बादली. तिच्यात दोघांचे दिवसभराचे कपडे, पाच लिटर पाणी आणि धुण्याचं द्रावण एक छोटा चमचा, त्याहून जास्त नको. जास्त टाकलं की खंगाळताना पाणी पुरत नाही. हवा काढून तोंड गुंडाळा, वीस मिनिटं उन्हात राहू द्या, मग कणीक तिंबतात तशी पाच मिनिटं तिंबा. नंतर तीन-तीन लिटरच्या दोन पाण्यांतून काढा. दुसरं खंगाळलेलं पाणी जवळपास स्वच्छ असतं. त्यात चपला आणि तंबूची पायपुसणी निघतात. साबणाचं पाणी ओढ्यात, डबक्यात किंवा समुद्रात ओतायचं नाही. पाण्यापासून साठेक मीटर लांब जाऊन जमिनीवर पसरून टाका. पाकिटावर ‘निसर्गस्नेही’ लिहिलेलं असलं तरी हेच, कारण त्या साबणाचं विघटन व्हायला मातीच लागते.

पिळण्याची एक युक्ती सांगते. कोरडा टॉवेल पसरा, त्यावर ओला सदरा सपाट टाका, दोन्हींची मिळून घट्ट वळकटी करा आणि तिच्यावर गुडघे टेकून बसा. हाताने पिळून निघत नाही एवढं पाणी टॉवेलात उतरतं आणि कापडाचा ताणाही बिघडत नाही. विणलेले कपडे पिरगाळून पिळणाऱ्यांवर माझा धंद्यापुरता राग आहे.

दोरी बांधताना चिमटे विसरलेले असतातच. दोरी दुहेरी घ्या, एक टोक झाडाला अडकवा आणि दुसऱ्या टोकाने दोन्ही पदर एकमेकांभोवती पीळ देत जा. दर हातभर अंतरावर चार-पाच वेढे बसले की ताणून बांधा. कपड्याचं टोक दोन पदरांच्या मधे सरकवलं की पीळच ते धरून ठेवतो. जोराच्या वाऱ्यातही आमचा मोजा उडालेला नाही. ह्यांची टोपी उडाली, पण ती डोक्यावर होती.

आता दोरी कुठे बांधायची ते. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे उपयोगी पडतात. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटेपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. ऊन चढलं की जमीन तापते आणि वारा फिरतो. साधारण दुपार व्हायच्या आधी तो समुद्रावरून यायला लागतो आणि दुपारनंतर जोर धरतो. या वाऱ्याबरोबर तुषार आणि बारीक वाळू येते. दोरी तंबूच्या मागे, समुद्राच्या विरुद्ध बाजूला, जमेल तितकी आत. धुणं लवकर उरकलं की निम्मं काम मतलई वाऱ्यातच होतं. फ्रान्सिस ब्यूफोर्ट नावाच्या दर्यावर्दी अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याला क्रमांक दिले, ते ह्यांना पाठ आहेत. “अगं, तीन आहे, टाक कपडे,” असं सांगतात. तीन म्हणजे पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलताहेत, ताशी १२ ते १९ किलोमीटर. धुण्याला याहून चांगला वारा नाही. कागद आणि धूळ उडायला लागली की चार. मग हलके कपडे काढून घ्यायचे. सगळंच दुपारी चार वाजायच्या सुमारास, हवा दमट व्हायच्या आत, घडी करून तंबूत. आमच्या घरात गॅलरीत रात्रभर कपडे राहतात, इथे तसं चालत नाही.

चेन

धुणं वाळतंय तोवर माझं खरं आवडीचं काम. तंबूच्या दाराची चेन अडली की लोक ओढतात. ओढू नका. अडलेल्या चेनमध्ये नव्वद टक्के वेळा वाळू किंवा मीठ असतं, हा माझा आकडा, दुकानात येणाऱ्या पिशव्यांवरून. जुना दातांचा ब्रश, तांब्याभर गोडं पाणी. आधी कोरड्या ब्रशने दात झटका, म्हणजे वाळूचा चिखल होत नाही. मग ओल्या ब्रशने वरून आणि आतून, दोन्हीकडून. रनरच्या पोटात पाणी सोडून तो दोन-तीनदा वरखाली करा. पांढरट पाणी निघेल ते मीठ. पुसून पूर्ण वाळू द्या आणि मग मेणबत्तीचा तुकडा दातांवरून हलक्या हाताने फिरवा. तेल लावू नका. तेलाला वाळू चिकटते आणि संध्याकाळपर्यंत चेनची कानस होते.

दुसरं दुखणं असं: रनर सुरळीत पळतो, पण मागे चेन उघडीच राहते. दात खराब झाले असं वाटतं, आणि लोक नवी चेन घालून मागतात. तंबूच्या चेनचे दात बहुधा नायलॉनच्या वेटोळ्याचे असतात. ते सहसा शाबूत असतात. झिजतो तो धातूचा रनर. वाळू घासून घासून त्याच्या वरच्या आणि खालच्या पत्र्यातली फट रुंदावते आणि तो दातांना एकमेकांत दाबू शकत नाही. रनर चेनच्या सुरुवातीला न्या. त्याचं मागचं टोक, म्हणजे जिथून मिटलेली चेन बाहेर पडते ती बाजू, बारीक पकडीत धरा. डाव्या कडेला किंचित दाबा. मग उजव्या कडेला तितकंच. चालवून बघा. पुन्हा किंचित. एकदम जोर लावलात तर रनर तडकतो किंवा बसतो तो हलतच नाही, आणि मग रात्रभर दाराला सेफ्टी पिना. मागच्या खेपेला एका चेनला मी सात वेळा असं थोडं थोडं दाबलं. आठव्या वेळी तिने मिटताना जो अखंड ‘झर्र’ असा आवाज केला, त्यावर हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, “झाली वाटतं.”

हे झालं की शिवणींवरून बोट फिरवते. कुठे दोरा उसवलेला, कुठे आतली पारदर्शक पट्टी सुटत आलेली. कडक ऊन दोऱ्यालाही खातं आणि कापडालाही, म्हणून तंबू शक्यतो दुपारच्या सावलीत ठोका. लहानसं भोक असेल तर दुरुस्तीची पट्टी लावताना तिचे कोपरे कात्रीने गोल कापा. चौकोनी कोपरा आधी उचलला जातो.

तंबू झाडायला आम्ही तो सरळ उचलतो. सामान बाहेर, खुंट्या उपटायच्या, दोघांनी दोन बाजू धरून दार खाली करायचं आणि झटकायचा. वारा पडलेला असेल तेव्हाच. परत ठोकताना वाळूत साधी खुंटी धरत नाही. कापडी पिशवीत वाळू भरून तोंड आवळा, ताणाची दोरी तिला बांधा आणि हातभर खोल खड्ड्यात पुरून वरून पाय देऊन दाबा. तंबू खेचला जातो तेव्हा वरची सगळी वाळू त्या पिशवीबरोबर उचलावी लागते, म्हणून ती निघत नाही.

किरकोळ

पाणी भरून आणताना आधी चाखून बघा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असू शकतं, आणि खारटपणा उकळून जात नाही. जंतूंसाठी म्हणाल तर समुद्रसपाटीला खळखळ उकळी एक मिनिट पुरते. भांड्यांचं तेलकट खरकटं आधी कागदाने पुसून घ्या, मग धुवा. शेगडी पेटवायची ती तंबूच्या बाहेर, पाऊस असला तरी. बंद तंबूत जमणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ओहोटी

साडेबाराला टोपी, पाण्याची बाटली आणि तळवे न घसरणारे बूट. चपला नकोत. ओल्या शेवाळावर चपला घालून चालणं म्हणजे हाडं मोडून घ्यायची हौस. पाण्याच्या मागोमाग खडपांवर उतरा आणि पाणी साठलेल्या एखाद्या खळग्याशी बसा. उभ्याने बघून पुढे जाणाऱ्यांना तिथे काहीच दिसत नाही. तुमची सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि पाच मिनिटं हलू नका. आधी एखादा शंख चालायला लागतो. तो शंख नसून त्यात राहणारा खेकडा असतो. त्याच्या मागच्या अंगाला कवच नसतं, म्हणून तो रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो आणि वाढला की मोठं घर शोधतो. हे कळल्यापासून मी शंख गोळा करणं सोडलं. मग कडेला लालसर गोळे दिसतात, ते समुद्रफूल. पाण्यातलं उमललेलं, पाण्याबाहेर राहिलेलं मिटून बसलेलं.

माझं आवडतं म्हणजे लिंपेट. कातळाला चिकटलेला, उलट्या वाटीसारखा शंख. पाण्याखाली असताना हा फिरून शेवाळ खरवडतो आणि पुष्कळदा पाणी उतरायच्या आत नेमका आपल्या जागी परततो. त्याच्या शंखाची कड आणि त्या जागेचा कातळ एकमेकांना बेतून बसलेले असतात, म्हणून आत पाणी टिकून राहतं. एकदा मला कातळावर नुसता गोल ठसा दिसला, मालक कुठेतरी चुकलेला. त्या ठशाच्या कडेवरून बोट फिरवलं तर एका बाजूला लहानशी खाच होती. असं बेतलेलं काम मी तीस वर्षांत दोन-तीनदाच केलं असेल.

दगड उलटवलात तर तसाच परत ठेवा, खालच्या जिवांना ऊन सोसत नाही. उष्ण समुद्रांत शंकूच्या आकाराचा, नक्षीदार, सुंदर शंख दिसला तर हात लावू नका. कोन स्नेल जिवंत असेल तर त्याचा डंख कापडातूनही बसतो आणि त्यावर उतारा नाही.

परत फिरायची वेळ पाळाच. पाणी सहा तास एकसारखं चढत नाही. दर्यावर्दी बाराव्या हिश्शाचा हिशोब करतात: पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. पहिला तासभर वाटतं, कुठे काय चढतंय. तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं. आम्ही एकदा टोकाच्या कातळावर बसून राहिलो, समोर पाणी अजून दूर म्हणून निवांत होतो. मागे वळलो तर मधल्या सखल पट्टीत ते आधीच भरलेलं. मांडीभर पाण्यातून बाहेर आलो. समोर बघू नका, परतीच्या वाटेवरची सगळ्यांत खोलगट जागा बघा. आणि पोहायची इच्छा झाली तर लाटांच्या फेसात मधेच एखादी गडद, शांत पट्टी दिसते तिथे उतरू नका. पाणी तिथूनच आत ओढून नेतं. सापडलातच तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर जाऊन बाहेर पडा.

दीपगृह आणि संध्याकाळ

जवळ दीपगृह असेल तर परतीच्या वाटेवर तिथे जा, आत जायला देत असतील तर भिंगासाठी जा. ओगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने जाड भिंगाऐवजी काचेच्या कड्यांची उतरंड रचली आणि १८२३ मध्ये ती फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहावर लागली. एवढ्या थोड्या काचेत एवढा लांबचा झोत ही खरी काटकसर. वर गॅलरीत उभं राहून क्षितिज बघा. पुळणीवर उभ्या माणसाचं क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर असतं. तीस मीटर उंचीवरून ते वीसेक किलोमीटरवर जातं. खालून न दिसलेली जहाजं वरून दिसतात ती यामुळे.

सूर्य मावळायला किती वेळ आहे ते बघायला हात लांब करा आणि सूर्याच्या खालच्या कडेपासून क्षितिजापर्यंत किती बोटं बसतात ते मोजा. एका बोटाला ढोबळमानाने पंधरा मिनिटं. चार बोटं उरली की आम्ही तंबूकडे निघतो. दोरी गुंडाळायची, चपला उलट्या करून ठेवायच्या.

अंधार पडला की ह्यांचं मोजणं सुरू होतं. प्रत्येक दीपगृहाची झोत टाकायची लय वेगळी असते, नकाशावर ती लिहिलेली असते, आणि खलाशी तिच्यावरूनच दिवा ओळखतात. मी कोरड्या उशीवर डोकं टेकते, दाराशी बसलेले हे हळू आवाजात सेकंद मोजत असतात. “अहो, चेन लावा आता, डास येतील.”

“थांब गं, अजून एक फेरी.”